तुझं झाड पिवळं पडलंय

१८ जून २००९

सायमा,

हे पत्र तुला मिळेल की नाही कोण जाणे, पत्ता अकरा वर्षांपूर्वीचा आहे. मिळालंच तर आधी एक सांगून टाकतो. जुनं काही उकरून काढायला मी लिहीत नाहीये. आईच्या दफनानंतर तुला जे बोलायचं होतं ते तू चर्चच्या तळघरात, हातात कॉफीचा कप धरून, सगळ्या गावाच्या देखत बोललीस. मी ऐकून घेतलं. तो विषय तिथेच संपला.

काम वेगळं आहे. तुझं झाड पिवळं पडलंय.

तू अ‍ॅरिझोनाला गेलीस त्या वर्षी बाबांनी रानातून पिह्लायाची, त्यांच्या मायदेशात घराच्या राखणीला लावतात त्या झाडाची, दोन रोपं खणून आणली आणि आवारात लावली, एक फाटकाशी नि एक साउनाच्या दाराशी. "एक तुझं, एक तिचं," एवढंच म्हणाले आणि कुदळ धुवायला गेले. साउनातल्या वाफेतून सगळ्यांत शेवटी, उकडलेल्या बटाट्यासारखी लाल होऊन तूच बाहेर यायचीस, तेव्हा दाराजवळचं तुझं हे उघडच होतं. फाटकाजवळचं माझं. बाबांना दोनदा विचारायची आपल्या घरात पद्धत नव्हती.

दरवर्षी जूनमध्ये तुझं झाड पांढऱ्या फुलांनी नुसतं भरून जायचं आणि ऑगस्ट संपता संपता लाल घोसांनी फांद्या वाकायच्या. यंदा दोनच फांद्यांना फुलं आली. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या आहेत, मधला सगळा भाग लिंबासारखा पिवळा. मी परवा ते नीट बघितलं. एवढं मोठं झाड, गेल्या वर्षीपर्यंत काही बोललं नाही.

माझ्याकडून हयगय झाली असं मात्र समजू नकोस. आई गेल्यापासून साउनाच्या चुलीतली राख दर शनिवारी बादलीभर तुझ्याच झाडाला घालतो. हल्ली अंग कसनुसं होतं, गरम वाफेत बरं वाटतं, म्हणून बुधवारीही साउना तापवतो. म्हणजे आठवड्याला दोन बादल्या. माझ्या झाडाच्या वाट्याला यातली चिमूटही जात नाही. त्याच्या अंगावर मी रस्ते खात्याच्या नोकरीत असल्यापासून आवारातला सगळा बर्फ लोटत आलोय, आणि गाडी मागे घेताना दोनदा धडकही दिलीय. ते मेलं काही ऐकायला तयार नाही, आडवंतिडवं वाढतंय.

तुझी तब्येत कशी आहे? सहज विचारतोय. मी ठणठणीत आहे. पट्ट्याला एक नवं भोक पाडलं एवढंच, उन्हाळ्यात माणूस थोडा वाळतोच.

टाउनो


७ जुलै

सायमा,

उत्तर आलं नाही. ठीक आहे, मीही दिलं नसतं.

पण आता पानं गळायला लागलीत. जुलैमध्ये! सकाळी साउनाच्या पायऱ्या झाडल्या आणि दुपारी पुन्हा पिवळा सडा. विएनो आठवते ना, पलीकडच्या घरातली? तिचा नवरा गेल्यापासून ती दर गुरुवारी वेलचीचा पाव घेऊन येते आणि मी किती खातो ते मोजत बसते. गेल्या गुरुवारी पाव तसाच राहिला. ती त्या पावाकडे बघेना, खिडकीतून झाडाकडेच बघत होती.

"माणसाच्या नावाने लावलेली पिह्लाया अशी उगाच जात नाही हं, टाउनो," ती म्हणाली. "सायमाला फोन केलास?"

"झाड आहे ते विएनो. टेलिफोन एक्स्चेंज नव्हे."

"फोन कर म्हणते मी."

"तू आपली कॉफी पी."

ती गेल्यावर मी फोन लावला. तुझा नंबर आईच्या वहीत होता, अजून तिच्याच अक्षरात. पलीकडून बाईचा आवाज आला, मला वाटलं तूच. ती म्हणाली हा क्रमांक अस्तित्वात नाही. ते यंत्र आहे हे कळायला तीनदा ऐकावं लागलं. खुर्चीवर बसलो तो विएनो आपली विसरलेली पावाची बशी न्यायला पुन्हा दार वाजवेपर्यंत उठलो नाही.

मग मनात नको नको ते यायला लागलं. तू आजारी असशील. तू गेलीही असशील, आणि मला कळवायचं कोणी? तुझ्या मुलीला माझं नाव तरी माहीत आहे का?

आईच्या दफनानंतर तळघरात तू म्हणाली होतीस, "नऊ दिवस होते तुझ्याकडे. नऊ! एक फोन करायला किती वेळ लागतो रे मेल्या?" अंथरुणाला खिळली तेव्हा आईनेच मला सांगितलं होतं, सायमाला कळवू नकोस, एवढ्या लांबून पोरीला धावायला लावू नकोस. मी तिचं ऐकलं. तू उतरलीस तोवर शवपेटीचं झाकण बंद झालं होतं. या विषयावर लिहिणार नाही म्हणालो होतो, तरी लिहितोय, कारण तू आजारी असशील आणि कळवत नसशील तर असं करू नकोस. हे मी तुला सांगावं म्हणजे कमालच आहे, तेही मला कळतंय.

एक ओळ पाठव. नुसतं "जिवंत आहे" लिहिलंस तरी चालेल.

टाउनो


२३ जुलै

सायमा,

अजूनही काही नाही. तरी लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

पावाच्या पिशवीत पानं भरून जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात गेलो. तिथे कॅरल बुशे म्हणून एक बाई आहे, चाळिशीची असेल, पुरुषी बूट घालते. तिने पानं उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, माती बघायला मी स्वतः येते. काल आली. झाडाच्या बुंध्याशी बसून खुरप्याने खणायला लागली.

"इथे चुना घालता का?"

"चुना कशाला घालीन?"

"मग काय घालता?"

"राख. साउनातली. चांगली मेपलची, शनिवारच्या शनिवार."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं," मी जरा तोऱ्यातच म्हणालो. "एक शनिवार चुकवलेला नाही."

तिने खुरपं खाली ठेवलं. मातीत पाणी कालवून त्यात कागदाची पट्टी बुडवली, पट्टीकडे बघितलं आणि साउनाच्या पायरीवर येऊन बसली.

"मिस्टर किविनिएमी, या झाडाला आंबट माती लागते. गार, ओलसर, पाइनची पानं कुजलेली. तुमच्या राखेने ती चुन्यासारखी करून टाकलीय. मातीत लोह आहे, पण झाडाला ते घेताच येत नाही. ताट वाढलेलं आहे आणि तोंड शिवलेलं आहे."

"पण राख चांगली असते झाडांना!"

"मूठभर. कधीतरी. सगळ्या झाडांना नाही." मग तिने फाटकाकडे बोट केलं. "ते बघा कसं आहे. त्याला काय घालता?"

"शिव्या," मी म्हणालो.

"त्याच चालू ठेवा."

ती हसली, मला हसता आलं नाही. सायमा, अकरा वर्षं मी बादली वाहिली. उणे पंचवीसमध्ये कमरेएवढ्या बर्फातून वाहिली. मनात म्हणायचो की तिच्याशी बोलता येत नाही तर निदान तिच्या झाडाचं तरी करू. आणि मी तुझ्या झाडाला दर शनिवारी थोडं थोडं मारत होतो! मी त्या बाईवर ओरडलो. म्हणालो तुमची पट्टी खराब आहे, दुसरी लावा. तिने मुकाट्याने दुसरी लावली, तीही तशीच निघाली.

राख खरवडून काढून तिथे गंधक आणि रानातली माती घालायला सांगितलंय. तरीही खात्री नाही म्हणाली, पुढच्या वसंतात फुटलं तर फुटलं. नवं रोप लावायचं तर तेही तिने समजावलं. एकाच सरळ खोडाचं घ्यायचं नाही, खालून चार-पाच फांद्यांनी वर आलेलं घ्यायचं. खड्डा खोल नको, पसरट हवा. मूळ आणि खोड जुळतात ती जागा जमिनीच्या वर राहिली पाहिजे. खालच्या फांद्या छाटायच्या नाहीत, नाहीतर हिवाळ्यात दुपारचं ऊन खोडावर पडतं, संध्याकाळी ते गोठतं आणि साल उभी फाटते. सशांसाठी भोवती जाळी. हे सगळं मी करणार आहे, तुझ्यासाठी नवं लावणार आहे.

जाता जाता ती गाडीशी थांबली. मगाचपासून माझ्याकडे बघत होती.

"तुमचे डोळे कधीपासून असे पिवळे आहेत?"

"मी तुम्हाला झाडासाठी बोलावलंय."

"ते झालं. आता तुमचं विचारतेय."

"झाडाचा रंग पडला असेल," मी म्हणालो आणि फाटक लावून घेतलं. भोचक बाई आहे. पण तिला तिचं काम येतं.

टाउनो


१० ऑगस्ट

सायमा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि ते तसंच विएनोपुढे सरकवलं, फोडलं तिनेच. तिने वाचलं नाही, तेवढी ती सभ्य आहे. पण जागची हललीही नाही.

तू जिवंत आहेस. रोज सकाळी दोन मैल चालतेस. देवाची कृपा! मी तुझी पहिली दोन वाक्यं चार वेळा वाचली, मगच पुढे गेलो. पुढे तू लिहिलंयस: "बाबांच्या ७४ सालच्या पत्राची प्रत सोबत आहे. नीट वाच. साउनाजवळचं झाड तुझं आहे, गाढवा."

मी वाचलं. बाबांचं ते खिळ्यांसारखं अक्षर. "सायमाची पिह्लाया फाटकाजवळ लावली आहे, म्हणजे कधी घरी आली तर तिला आधी तीच दिसेल. टाउनोची साउनाजवळ. तो काही कुठे जाणार नाही."

सायमा, पस्तीस वर्षं! ज्याला मी शिव्या दिल्या, ज्याच्यावर बर्फ लोटला, ज्याला गाडी घासली ते तुझं होतं, आणि ते फाटकाशी घोड्यासारखं उभं आहे. आणि ज्याची मी तुझं म्हणून एवढी उठाठेव केली ते माझं होतं. मी बाबांना एकदा विचारलं असतं तर! "कुठलं कुणाचं?" दोन शब्द. पण विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तुला डोळे नाहीत का.

मी खूप हसलो. विएनोला वाटलं मला वेड लागलं. मग हसताना पोटात, पाठीपर्यंत कळ गेली आणि मी टेबल धरून उभा राहिलो. तिने तुझं पत्र माझ्यासमोर सरकवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणजे वाचलं होतंच तिने.

"पट्ट्याला भोक का पाडावं लागलं, टाउनो?"

तू चार ओळींचं पत्र लिहिलंस आणि त्यातली एक यासाठी खर्च केलीस. मला वाटलं होतं ती ओळ तू वाचून सोडून देशील.

मला काही झालेलं नाही.

हे वरचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, राहू दे, म्हणजे मी कसा आहे ते तुझ्या लक्षात राहील. भोकं आता तीन झाली आहेत. मे महिन्यापासून अन्न नको वाटतं. अंगाला खाज सुटते, नखांनी रक्त काढेपर्यंत, म्हणून बुधवारचा साउना. लघवी चहासारखी होते. डोळ्यांचं कॅरलने बघितलं तेच खरं आहे, आरशात मलाही दिसत होतं, मी दाढी करताना फक्त हनुवटीकडे बघायचो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडे जायचं टाळत होतो, कारण गेलं की ते काहीतरी सांगतात.

गुरुवारची वेळ मिळाली आहे. विएनो गाडी चालवणार आहे. मी नको म्हणालो तर म्हणाली, "तुला विचारलं नाहीये मी."

तू पत्रात दिलेला नवा फोन नंबर भिंतीवर चिकटवलाय. तीनदा उचलला आणि ठेवला. मला त्यावर बोलता येत नाही, कागदावर निदान हात चालतो.

टाउनो


२७ ऑगस्ट

सायमा,

या वेळी मी काहीही गाळणार नाही, क्रमाने सांगतो.

गुरुवारी रक्त घेतलं. सोमवारी मोठ्या यंत्रातून काढलं. बुधवारी डॉक्टरने विएनोला बाहेर बसायला सांगितलं. मी म्हणालो तिला आत राहू दे, नाहीतर मी घरी जाऊन निम्मंच सांगेन. स्वादुपिंडावर गाठ आहे. ती पित्ताची वाट दाबते, म्हणून हा पिवळेपणा. नाव तेच आहे, जे आपल्याकडे कुणी मोठ्याने घेत नाही. कॅन्सर. बघ, लिहिलं. मला त्या खोलीत एकदम काही ऐकूच येईनासं झालं, डॉक्टरचे ओठ हलताना दिसत होते. मग विएनो म्हणाली, "परत सांगा, त्यांनी ऐकलं नाही." त्याने परत सांगितलं. ऑपरेशन होऊ शकतं. वेळेत आलो की उशिरा ते पोट उघडल्यावरच कळेल. चौदा सप्टेंबरला सकाळी आहे.

मला भीती वाटते. अडुसष्टाव्या वर्षी हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय. सरळ उभं राहून लिहावं म्हटलं पण बसूनच लिहिलं.

आता आईचं. तुला कधी सांगितलं नाही, तू विचारलंस तेव्हा मी तुझ्या हातातल्या कपाकडे बघत राहिलो. पहिले तीन दिवस ती उठून बसायची. चौथ्या दिवशी तिने मला साउना तापवायला लावला आणि नुसती बाहेरच्या खोलीत, उबेला बसली. पाचव्या दिवसापासून ती तुला हाका मारत होती. मी समोर असलो तरी "सायमा, दार लाव, गार येतंय" म्हणायची. मी दार लावायचो. तिने मला कळवू नकोस म्हटलं ते पहिल्या दिवशी. पाचव्या दिवशी तिला काय हवं होतं ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी शब्द पाळला असं अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी फोनशी गेलो आणि तुला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून परत आलो. रोज. एवढंच होतं ते. तू तळघरात बोललीस त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

माफ कर म्हणण्याचा मला हक्क नाही, पण म्हणतो. मला माफ कर, सायमा.

कॅरल परवा येऊन गेली. मी राख काढली तिथे तिने रानातली माती भरली, स्वतःच्या हाताने, मला फावडं धरू दिलं नाही. झाडाचं तिला अजून काही सांगता येत नाही. ती म्हणाली, "यात तुम्ही आता काही करायचं नाही. थांबायचं." मला तिचा राग आला आणि मग नाही आला.

आता मुख्य. तू ये. चौदा तारखेच्या आधी ये. नंतर येऊन पेटीचं झाकण बंद दिसलं असं तुझ्या बाबतीत दुसऱ्यांदा होऊ नये. मी तुला धावायला लावतोय, एवढ्या लांबून, आणि मुद्दाम लावतोय. तू म्हणशील आता बरं सुचलं. म्हण. समोर येऊन म्हण.

पत्राला अ‍ॅरिझोनाला पोचायला पाच दिवस लागतात आणि तिथून तुझं उत्तर यायला पाच. तेवढे दिवस माझ्यापाशी नाहीत. म्हणून हे टपालात टाकत नाहीये. विएनो शेजारी बसलीय, ती तुझा नंबर फिरवणार आहे, आणि मी हे पहिल्या ओळीपासून तुला वाचून दाखवणार आहे. मध्येच आवाज थांबला तर फोन ठेवू नकोस. मी पान उलटत असेन.

टाउनो